‘मी कोण आहे, ठाऊक आहे का?’ : एका वाक्याची समीक्षा

काही वाक्ये रूपाने प्रश्नार्थक असतात, पण त्यांना उत्तराची अपेक्षा नसते. ‘मी कोण आहे, ठाऊक आहे का?’ हे त्यांपैकी एक. रेल्वेच्या आरक्षित डब्यात, टोलनाक्यावर, इस्पितळाच्या खिडकीसमोरच्या रांगेत किंवा नाट्यगृहाच्या पहिल्या ओळीत हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. आपल्यापैकी काहींनी ते उच्चारलेही असेल. मंडळाच्या मागील बैठकीत चर्चा आंतरजालावरच्या टिंगलीकडे वळली, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘या चित्रफितींचा आणि साहित्याचा संबंध काय?’ प्रश्न रास्त होता. त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. ते येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. जुलै २०२० मध्ये करोनामुळे रात्रीची संचारबंदी लागू होती. सुरतच्या वराछा भागात सुनीता यादव या महिला पोलीस शिपायाने काही तरुणांना अडवले. तेव्हाचे आरोग्य राज्यमंत्री आणि वराछाचे आमदार कुमार कानाणी यांच्या मुलाचे ते मित्र होते. पाठोपाठ मंत्रिपुत्रही तेथे आला आणि वाद झाला. त्या वादाचे मुद्रण दोन-तीन दिवसांत देशभर पसरले. पुढे मंत्रिपुत्रासह तिघांना अटक झाली व जामिनावर सुटका झाली. आपण राजीनामा देणार असल्याचे त्या महिला शिपायाने सांगितल्याच्या बातम्याही आल्या. कायद्याच्या दृष्टीने जे व्हायचे ते झाले असेल. तो आमचा प्रांत नव्हे. समीक्षकाच्या नजरेने पाहता आम्हाला त्यात दोन गोष्टी लक्षणीय वाटल्या.

पहिली म्हणजे वादाचा गाभा. संचारबंदी होती की नव्हती, यावर वाद नव्हताच. अडवणारी व्यक्ती कोणाला अडवते आहे हे तिला कळते की नाही, यावर होता. दुसरी गोष्ट म्हणजे लोकांनी तिला दिलेले नाव. एका रात्रीत ती ‘लेडी सिंघम’ झाली. ‘सिंघम’ हा २०११ सालचा हिंदी चित्रपट २०१० सालच्या तमिळ ‘सिंगम’वर आधारलेला, त्याचा नायक बाजीराव सिंघम हा मराठी पोलीस अधिकारी. म्हणजे सुरतच्या रस्त्यावर घडलेल्या प्रसंगातील खऱ्या स्त्रीला पडद्यावरच्या एका मराठी पुरुषाचे नाव चिकटले आणि तिचे स्वतःचे नाव मागे पडले. समोरच्या तरुणालाही ‘मंत्रिपुत्र’ याखेरीज दुसरे रूप उरले नाही. दोन माणसे रस्त्यावर भांडत होती. आंतरजालावर पोहोचेपर्यंत त्यांचे दोन मुखवटे झाले होते.

त्याच वर्षी, २५ मे २०२० रोजी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये असाच एक प्रसंग घडला होता. क्रिश्चन कूपर हे कृष्णवर्णीय पक्षिनिरीक्षक तेथे फिरत होते. ज्या भागात कुत्रे बांधूनच नेण्याचा नियम आहे तेथे एका गोऱ्या स्त्रीचा कुत्रा मोकळा दिसला, म्हणून त्यांनी तो बांधावा असे सुचवले. त्या स्त्रीने पोलिसांना दूरध्वनी केला आणि एक आफ्रिकी-अमेरिकी पुरुष आपल्या जिवावर उठला आहे असे सांगितले. कूपर यांनी केलेल्या मुद्रणात तसे काहीच दिसत नाही. त्याच दिवशी मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे त्या दूरध्वनीचा खरा अर्थ कळतो. ‘मी कोण आहे’ हे त्या स्त्रीला उच्चारावे लागले नाही. आपण कोण आणि समोरचा कोण हे त्वचेच्या रंगाने आधीच सांगून ठेवले आहे, असा तिचा भरवसा होता. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली, तीही एका गोऱ्या स्त्रीशी तो गैर वागला अशा आरोपावरून. अशा इतिहासाच्या बळावर तो भरवसा उभा होता.

अशा स्त्रियांना आंतरजालावर ‘कॅरन’ हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील गोऱ्या घरांत मुलींचे हे नाव फार प्रचलित होते. परंतु ही रीत नवी नव्हे. गोऱ्या मालकिणीचा तोरा मिरवणाऱ्या स्त्रीला कृष्णवर्णीयांच्या बोलीत फार पूर्वीपासून ‘मिस ॲन’ म्हणत. ज्यांना उलट उत्तर देण्याची सोय नव्हती त्यांनी आपापसात वापरलेले हे सांकेतिक नाव होते. दुर्बळाने सबळाला दिलेल्या नावात एक प्रकारचे शहाणपण असते आणि थोडे संरक्षणही असते. ‘कॅरन’ हे त्याच कुळातले. मात्र आंतरजालाच्या बाजारात आल्यावर त्याचा अर्थ पातळ झाला. उपाहारगृहात थंड चहा परत पाठवणारी, शेजारच्या गोंगाटाची तक्रार करणारी, वयाने पोक्त अशी कोणतीही बाई ‘कॅरन’ ठरू लागली. नावातला वर्ण गळून पडला आणि लिंग तेवढे उरले. अन्याय उघडा करण्यासाठी जन्मलेले नाव तक्रार करणाऱ्या बाईला गप्प बसवण्याच्या कामी येऊ लागले.

आता आपल्या भाषेकडे वळू. वर पाहून ठेवलेली नावे मराठीतही आहेत. ‘लाटसाहेब’ हा शब्द घ्या. इंग्रज ‘लॉर्ड’चा आपण ‘लाट’ केला आणि मग आपल्यातल्याच मिजासखोराला ते बिरुद बहाल केले. गोऱ्या सत्तेवरचा राग आणि घरच्या शिष्टावरची टीका त्या एका शब्दात सामावली. ‘बाजीराव’ हेही तसेच. ‘मोठा बाजीराव लागून गेलास!’ या उद्गारात पेशवाईच्या थाटाचा हिशोब चुकता केलेला आहे. सिंघमचे नाव बाजीराव असणे आणि त्याच सिंघमचे नाव मिजाशीला अडवणाऱ्या शिपायाला मिळणे, हा योगायोग म्हणूनच आम्हाला गमतीचा वाटतो.

पण खाली पाहून ठेवलेली नावेही आहेत आणि त्यांबद्दल आपण कमी बोलतो. मुंबईच्या गुजराती व पारशी घरांत मराठी घरगड्याला सरसकट ‘रामा’ म्हणत. त्याचे नाव पांडुरंग असो की सखाराम. ‘घाटी’ हा शब्द घाटावरून आलेल्यापुरता न राहता शिवीसारखा वापरला गेला. हिंदी चित्रपटांतील मोलकरीण गंगूबाई किंवा कांताबाई असते आणि मोडक्या हिंदीतून मराठी हेल काढते. आपल्याला याचा राग येतो आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या घरांत ‘रामा’ या नावाची चीड होती, त्यांपैकी किती घरांत भांडी घासणाऱ्या बाईचे खरे नाव ठाऊक होते? आमच्याच घरात एक बाई आमच्या जन्माआधीपासून कामास होत्या. त्यांना सारे ‘मावशी’ म्हणत. आम्ही ते प्रेमाचे संबोधन समजत होतो आणि ते तसे असेलही. पण त्या वारल्या तेव्हा त्यांचे नाव आणि आडनाव आम्हाला दुसऱ्यांना विचारावे लागले.

यावरून समीक्षेची पहिली कसोटी हाती लागते : नाव कोणत्या दिशेने फेकले गेले आहे? वरून खाली की खालून वर? दिशा लक्षात न घेता ‘सगळीच टिंगल वाईट’ किंवा ‘सगळीच गंमत’ म्हणणे हा विचारांचा आळस होय.

दुसरी कसोटी सत्तेच्या उगमाची. मिजास माणसाच्या अंगची क्वचितच असते. बहुधा ती उसनी असते. याचा दगडी पुरावा आपल्या शहरातच उभा आहे. कतारगाम दरवाजाकडच्या इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत ऑक्सेंडन बंधूंची कबर आहे. क्रिस्टोफर १६५९ मध्ये वारला आणि शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीच्या वेळी सुरतेच्या वखारीचा प्रमुख असलेला सर जॉर्ज १६६९ मध्ये. त्यांच्यासाठी उभारलेली घुमटाची इमारत एखाद्या मोगल अमिराला शोभावी अशी आहे. हे लोक व्यापाऱ्यांच्या कंपनीचे नोकर होते. पण त्या काळी प्रतिष्ठेचे चलन मोगल दरबाराचे होते, म्हणून त्यांनी मरणातही मोगल थाट उसना घेतला. पुढे चलन बदलले, गोऱ्या कातडीचे नाणे चालू लागले आणि त्यांच्या वारसांना मोगल घुमटांची गरज उरली नाही. मिजास तीच राहिली, तारण बदलले. आज ते तारण कोणाचे पद असते, कोणाचे आडनाव असते, तर कोणाच्या गाडीवरचा दिवा. १ मे २०१७ पासून देशात मंत्र्या-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील लाल दिवे उतरवले गेले. तरीही २०२४ साली पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खाजगी मोटारीवरील दिव्याची चर्चा देशभर झाली. म्हणजे दिवा काढला तरी त्याची हौस उरते.

उसन्या सत्तेचे सर्वांत भेदक चित्र मराठी रंगभूमीने १९७२ मध्येच दाखवले आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील घाशीराम हा परगावचा ब्राह्मण. पुण्यात त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, त्याला मार बसतो व अपमान करून हाकलले जाते. मुलगी नानांच्या हवाली करून तो कोतवाली मिळवतो आणि मग ज्या शहराने आपल्याला तुडवले त्याला परवान्यांच्या जाचाखाली ठेवतो. ‘मी कोण आहे’ हा त्याचा दरारा ‘मी कोणीच नव्हतो’ या आठवणीतून आलेला आहे. नाटकाविषयी पुष्कळ वाद झाले. ऐतिहासिक नाना फडणविसांवर अन्याय झाला असे अनेकांना वाटले. तो वाद बाजूला ठेवून नाटकाच्या घडणीकडे पाहावे. रंगमंचावर ब्राह्मणांची एक मानवी भिंत आहे. ती गाते, नाचते, हवे तेव्हा झाकते आणि हवे तेव्हा उघडे करते. तिच्याआड जे चालते ते तिला ठाऊक असते. अखेरीस हाच जमाव घाशीरामचा बळी मागतो. नाना हुकमावर सही करतात. घाशीराम दगडांखाली मरतो आणि नाना उत्सव जाहीर करतात. सत्ता जेथे होती तेथेच राहते.

आंतरजालावरील शिक्षेचा सोहळा आम्हाला या मानवी भिंतीची आठवण करून देतो. न्यूयॉर्कच्या त्या स्त्रीची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. जुलैमध्ये तिच्यावर खोटी तक्रार केल्याचा आरोप ठेवला गेला आणि समुपदेशनाची सत्रे पूर्ण केल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला. या साऱ्यात सर्वांत संयमाने वागले ते स्वतः कूपर. तिला पुरेशी किंमत मोजावी लागली आहे, असे म्हणून त्यांनी खटल्यात सहकार्य करण्याचे नाकारले. एका व्यक्तीला शिक्षा झाल्याने वर्णभेद हलत नाही, हे त्यांना जमावापेक्षा अधिक कळत होते. जमावाला घाशीराम मिळाला की नानांचा विसर पडतो.

तिसरी कसोटी आम्हाला अधिक अवघड वाटते; ती आपल्या अंगावर येते. चित्रफितीत दिसते ती मिजास आरडाओरडा करणारी असते. पण ज्याचा विशेषाधिकार पक्का असतो त्याला ओरडावे लागत नाही. बडोद्याचेच उदाहरण घेऊ. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील शिक्षण घेऊन, सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार, बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नावाने मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. दोन परिचितांकडे विचारणा केली, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनी सबबी सांगितल्या. अखेर ते सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकीत, हे त्यांच्या चरित्रांतून सर्वांना ठाऊक आहे. काठ्या घेऊन आलेले लोक डोळ्यांसमोर चटकन उभे राहतात. पण त्या कचेरीत मराठी अधिकारी होते, मराठी कारकून होते. गुजरातेत राहणाऱ्या आपणा जुन्या मराठी कुटुंबांना ज्या गायकवाडी नोकऱ्यांचा अभिमान आहे त्याच त्या नोकऱ्या. त्यांच्यापैकी बहुतेकांनी काहीच केले नाही. कोणी ओरडले नाही, कोणाचे मुद्रण करता आले नसते. अमेरिकेतील वर्णभेदाचे आपल्याकडील खरे प्रतिरूप हेच आहे आणि हे ओळखणारा पहिला मोठा लेखक मराठीच होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आंतरजालाच्या सव्वाशे वर्षे आधी त्यांनी या दोन दुःखांची गाठ घातली होती.

आता आजच्या सुरतेविषयी. या शहरात ‘मराठी’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर आपण येत नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांतले खानदेशी कुटुंब येते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने आलेले, यंत्रमागांवर आणि कापडबाजारात राबणारे हे लोक संख्येने आपल्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत. आज या शहराच्या राजकारणातही मराठी आवाज आहे तो मुख्यतः त्यांच्यामुळे. आपण मात्र कोणी विचारले तर हळूच पुस्ती जोडतो : ‘आम्ही तसे मराठी नव्हे, आम्ही पिढ्यान्पिढ्या इथले.’ त्या ‘तसे’ या शब्दात ‘मी कोण आहे, ठाऊक आहे का?’ हे वाक्य पुरेपूर दडलेले आहे. अहिराणी हेलाची नक्कल करणाऱ्या चित्रफिती आपल्या घरांतल्या भ्रमणध्वनींवरही येतात आणि त्या पाहून हसणारे आपणच असतो. ‘रामा’ या नावाने जे आपल्या लोकांचे झाले, ते आपण दुसऱ्या मराठी माणसाचे करीत आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गणेशोत्सवातील व्याख्यानास पहिल्या रांगेत एक गृहस्थ पत्नीसह येऊन बसले होते. पेहराव साधा, बोलणे खानदेशी. आयोजकांपैकी एकाने त्यांना नम्रपणे मागे बसण्यास सांगितले. ‘या जागा राखीव आहेत.’ त्या राखीव नव्हत्या. ते काही न बोलता उठले, मागे गेले आणि व्याख्यान संपेपर्यंत थांबले. आम्ही शेजारीच बसलो होतो. आवाज चढला नाही, अपशब्द निघाला नाही. आम्हीही काही बोललो नाही. तो प्रसंग आजही आठवतो तो आयोजकांमुळे नव्हे. आपण मानवी भिंतीत उभे होतो, या जाणिवेमुळे.

मग टिंगल करूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. नवसारीत जन्मलेल्या राम गणेश गडकऱ्यांचा ‘बाळकराम’ आणि बडोद्यात हयात घालवलेल्या चिं. वि. जोशी यांचा ‘चिमणराव’ हे आपल्याच मुलखाशी नाते सांगणारे विनोदी वारसे आहेत. चिमणराव मध्यमवर्गीय मराठी माणसाचा ठसाच आहे. पण तो आपली कथा स्वतः सांगतो आणि फजिती त्याची स्वतःची होते. हसणारा आणि हसू ओढवून घेणारा एकच असल्यामुळे तेथे ठसा असूनही माणूस हरवत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तही वल्लीच्या मागे व्यक्ती शाबूत राहते, म्हणूनच ते पुस्तक १९६२ पासून आजतागायत वाचले जाते. हसणारा स्वतः कोठे उभा आहे, हे या विनोदाने कधी लपवले नाही. आंतरजालावरील ठशांत तो बहुधा अंधारात असतो. साहित्य आणि चित्रफीत यांच्यातला फरक एवढाच, पण तो मोठा आहे. ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाला आमचे उत्तर हेच.

१८४४ साली याच सुरतेत दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. त्या सहकाऱ्यांत येथे शिक्षक म्हणून आलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. मनुष्यमात्राची जात एक, हे त्या सभेच्या विचाराचे सूत्र होते. मराठी व्याकरणकार म्हणून दादोबांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. सुरतेत राहिलेला मराठी माणूस म्हणून त्यांचे हे कार्य त्याहून जवळचे वाटायला हवे. व्याकरणकाराला सर्वनामांचे मोल कळते. ‘मी’ आणि ‘आम्ही’ कोठे संपतात आणि ‘ते’ कोठे सुरू होतात, ही सीमा त्यांनी आपल्या काळात पुसण्याचा प्रयत्न केला.

‘मी कोण?’ हा प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. फक्त तो समोरच्याला विचारायचा नसतो, स्वतःला विचारायचा असतो. येत्या गणेशोत्सवात पहिल्या रांगेतील खुर्च्यांवर ‘राखीव’ अशा चिठ्ठ्या लावू नयेत, असा प्रस्ताव आम्ही मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मांडणार आहोत. वाचकांनी त्यास पाठिंबा द्यावा, ही विनंती.